उर्कियाचं जाळं

आमच्या खिंडीत वारा दोनच बाजूंनी वाहतो, आणि कुठूनही आला तरी नाकातच शिरतो. मी सून म्हणून जेल्दीसायला आले ते नेमके वसंतातले दिवस होते. थंडीने माझे दात वाजत होते आणि माझी थोरली जाऊ उर्किया मला म्हणाली, "वारा आहे म्हणून पाखरं खाली येतात गं. वारा पडला की ती इतक्या उंचावरून जातात की आपल्याला पत्ताही लागत नाही." मला वाटलं, हिचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय. पुढे कळलं की सगळ्या गावाचं तिच्याबद्दल तेच मत होतं.

उर्किया पाखरांच्या ठाण्यावर कामाला होती. रेल्वेच्या रुळांच्या वरच्या अंगाला, खिंड जिथे अरुंद होते तिथे, शहरातल्या शास्त्रज्ञांनी खांबांवर एक अवाढव्य जाळं ताणलेलं होतं. तोंड दुमजली घराएवढं, मागे मागे निमुळतं होत गेलेलं, आणि शेवटाला एक लाकडी पेटी. समोरून वारा असला की पाखरं जमिनीला लगटून उडतात. ती त्या जाळ्यात शिरायची आणि पेटीत जमा व्हायची. मग एकेक पाखरू हातात घ्यायचं, त्याच्या पायात बारीकसं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. आर्नो नावाचा म्हातारा ठाण्याचा प्रमुख होता. तो पाखराचं नाव उच्चारायचा, उर्किया कडं घालायची. लग्नाआधी ती तिथे जाळं शिवायला जायची, लग्नानंतरही जात राहिली. आमचे मोठे भावजी, अमनताय, रेल्वेत रुळांची देखभाल करायचे. त्यांनी तिला कधी अडवलं नाही.

काम संपलं तरी ती घरी येत नसे. जाळ्याशेजारच्या उतारावर बसून पाहत राहायची. मी चहा घेऊन गेले की म्हणायची, "बस जरा. ते बघ, रुळांवर." आधी मला काहीच दिसायचं नाही. मग दिसायचं की जमीन हलतेय. धोबी पाखरं शेपट्या हलवत पुढे सरकतायत. त्यांच्यामागे थिरथिरे, मग निळ्या गळ्याचे शंकर, मग झुडपाझुडपांतून वटवट्यांची चुळबुळ. कोणी मूठभर हळद उधळावी तसे भारीट. आणि सगळ्यांत शेवटी, एप्रिल संपता संपता, चिमण्या. आपल्या अंगणातल्या नव्हेत, हिंदुस्थानात थंडी काढून डोंगर ओलांडून येणाऱ्या. त्या आल्या की आभाळाचा रंग बदलायचा.

"मुठीत धरलं की अंगठ्याखाली काळीज लागतं," ती मला म्हणाली होती. "तेवढं लागलं की मूठ उघडायची. धरून ठेवायचं नाही."

तिला मूलबाळ नव्हतं. सासूबाई ते तिला विसरू देत नसत. ती दारातून आत आली की म्हणायच्या, "आली पाखरांची आई. लेकरांना चारून झालं असेल तर आमच्याकडेही बघा."

"बघते ना आई. आधी चोच तर उघडा."

भावजी चहाच्या वाटीत तोंड घालून हसायचे. सासूबाईंना हसू यायचं तेव्हा त्या डोक्याचा पांढरा रुमाल उगाच घट्ट करायच्या. घर असं चाललेलं होतं. वाईट नव्हतं.

मग आमचा तो मोठा देश मोडला, त्याचे तुकडे झाले. आर्नो जर्मन वंशाचा होता, तो आपल्या लोकांच्या देशात निघून गेला. जाताना उर्कियाला म्हणाला, "जाळं उतरव नाहीतर राहू दे. तुझ्या मनाला येईल तसं कर." शहरातून कोणी यायचं बंद झालं. रेल्वेने पगाराऐवजी रबरी बूट दिले, तेही सगळे एकाच मापाचे. भावजी म्हणाले, "आता आपण सगळ्यांनी एकाच मापाचे पाय करून घ्यावेत." तरीही पुढच्या वसंतात उर्कियाने जाळं शिवलं. पायात घालायची कडी संपलेली होती. तिने पेटीची मागची फळी काढून टाकली, म्हणजे पाखरू एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाईल.

"मग जाळं ठेवतेस कशाला?" मी विचारलं.

"आतून जाताना जवळून दिसतात."

त्यानंतरच्या हिवाळ्यात जूत, म्हणजे बर्फाचा दुष्काळ, पडला. ऐन बर्फात पाऊस झाला, त्यावर गारठा आला आणि माळावर काचेसारखा थर जमला. मेंढ्या खुरांनी उकरून उकरून रक्ताळल्या. खालचं गवत त्यांना मिळालं नाही. आडव्या पडलेल्या मेंढ्यांवर जीव जायच्या आधी सुरी फिरवली आणि ते मांस गोठलेलं असेपर्यंत खाल्लं. नंतर ऊन पडलं आणि उरलेलं सडलं. शहराकडची बस बंद होती, कारण डिझेल नव्हतं. आगगाड्या आमच्या खिंडीतून धडधडत जायच्या, थांबत मात्र नसत. पीठ संपलं. दुइसेन आजोबा गावातले सगळ्यात वयोवृद्ध. त्यांचा नातू मार्चमध्ये गेला. ताप आला म्हणाले, पण कशाने गेला ते सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर रुळांपलीकडच्या घरातली एक मुलगी गेली.

माझी आयमान त्याच हिवाळ्यात जन्मली होती. माझं दूध आटलं. ती रडायची, मग नुसतं तोंड उघडायची आणि आवाज निघायचा नाही. सासूबाई वाळवलेल्या दह्याचा शेवटचा खडा पाण्यात उगाळून तिच्या ओठांना लावायच्या. स्वतः काय खायच्या, कोण जाणे. मी विचारलं तर म्हणायच्या, "माझं झालंय मघाशीच."

अशात पाखरं आली. दरवर्षीसारखीच. आधी धोबी, मग थिरथिरे. उर्किया उतारावर जाऊन बसायची, पण त्या वर्षी ती माझ्यासारखीच भिंतीला धरून चालत होती. चिमण्यांची पहिली झुंड आली त्या दिवशी दुइसेन आजोबा आमच्याकडे आले. बसले, चहा म्हणून दिलेलं गरम पाणी प्यायले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सूनबाई, डोक्यावरून जेवण चाललंय आणि आपण बघत बसलोय."

उर्कियाने त्यांच्या वाटीत आणखी गरम पाणी ओतलं.

"तुझी ती पेटी. मागची फळी लावायला कितीसा वेळ लागतो?"

"आजोबा, ती माझ्या हातात निर्धास्त बसतात."

"पाखरू कसलं निर्धास्त बसतं. त्याचं काळीज बघ कसं धडधडतं, तूच सांगायचीस."

"म्हणूनच सांगते. मला जमणार नाही."

"तुझं पोटचं असतं तर जमलं असतं," आजोबा म्हणाले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसलं. पण बोलून गेले. उर्कियाने त्यांची वाटी उचलली, धुतली आणि पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले पुरुष आपणच जाळ्याकडे गेले. आम्हाला कळलं ते आरडाओरडा ऐकून. उर्किया धावली, तिच्यामागे मी. त्यांनी पेटीला फळी ठोकली होती आणि ताट वाजवत पाखरं आत हाकली होती. किती आत गेली याचा कोणाला अंदाज नव्हता. पेटी भरली, तरी मागून येतच राहिली. खालची वरच्यांच्या भाराने गुदमरून मेली. जाळ्यात अडकलेल्या पाखरांना माणसं ओढून काढत होती, पंख एकीकडे आणि पाखरू दुसरीकडे. त्यांत चिमण्या निम्म्याही नव्हत्या. वटवटे होते, ज्यांच्या अंगावर बोटाच्या पेराएवढंही मांस नसतं. निळ्या गळ्याचे शंकर होते. कोणी पोत्यात भरत होतं, कोणी हातातलं पाखरू बघून टाकून देत होतं. मेलेलं पाखरू आम्हाला चालत नाही. सुरी फिरवून, अल्लाचं नाव घेऊन मारलं तरच चालतं. म्हणजे त्या ढिगातलं बहुतेक वायाच गेलेलं होतं, आणि ते त्यांना आता उमजत होतं. एक माणूस मटकन खाली बसून रडायला लागला. भुकेने माणसाला रडूही नीट येत नाही.

उर्किया कोणावर ओरडली नाही. पेटीशी गुडघे टेकून बसली आणि हात घालून एकेक पाखरू काढू लागली. जिवंत असेल ते सोडायची, मेलेलं बाजूला ठेवायची. मीही बसले. बरीचशी उडाली. काही उडाली आणि चार हातांवर जाऊन पडली. तिचे दोन्ही हात पिसांनी आणि घाणीने माखले होते आणि ती सारखी म्हणत होती, "थांब, थांब, सोडते, सोडते." माझ्याशी की पाखरांशी, ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली. आयमान माझ्या मांडीवर होती, तोंड उघडं, आवाज नाही. तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी डोक्याचा पांढरा रुमाल सोडला. मी त्या घरात आल्यापासून त्यांचे केस कधी पाहिले नव्हते. पातळ, पिवळट, मानेवर चिकटलेले. आमच्यात दोन घरांत रक्त सांडायची वेळ आली तरच म्हातारी बाई डोक्यावरचा रुमाल काढून मध्ये टाकते, आणि मग कोणालाही तो ओलांडता येत नाही. सासूबाईंनी तो उर्कियाच्या पायाशी अंथरला आणि स्वतः खाली बसल्या.

"आई, असं करू नका," उर्किया म्हणाली.

"मी तुला खूप बोलले. सगळं बोलले ते खरं होतं असं नाही. पण आता डोक्यावरचा रुमाल टाकलाय. ही पोर तुझी समज."

"ती माझी आहेच."

"मग?"

उर्कियाने रुमाल उचलला, झटकला, आणि सासूबाईंच्या डोक्याला बांधला. बराच वेळ बांधत होती. गाठ नीट बसत नव्हती. मग म्हणाली, "उद्यापासून जाळ्याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. फक्त चिमण्या आणि भोरड्या. बाकीचं एकही नाही. आणि दुइसेन आजोबांना सांगा, सुरीला धार लावा."

दुसऱ्या सकाळपासून ती पेटीशी आणि आजोबा तिच्या शेजारी, घोंगडी टाकून. मी पाणी आणि टोपल्या बघत होते. ती पेटीत हात घालायची, न बघता ओळखायची. वटवट्या असेल तर मूठ वर करून उघडायची. चिमणी असेल तर आजोबांच्या हातात द्यायची. आजोबा नाव घेऊन सुरी फिरवायचे. गाव रांगेत उभं असायचं, मोठ्याने बोलायचं नाही. दोघांचं काम इतकं जुळलं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही दोघं जन्मभर हेच करत आलीत. पहिल्या दिवशी तिला उलटी झाली. पोटात काहीच नव्हतं, त्यामुळे नुसतं हिरवं पाणी. तोंड पुसून पुन्हा पेटीत हात घातला.

एका सकाळी तिचा हात तसाच थांबला. मी पाहिलं, मुठीतल्या चिमणीच्या पायात कडं होतं. तिनेच कधीतरी घातलेलं असणार, दुसरं कोण घालणार. आजोबांनीही पाहिलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"ही सोडून दे, लेकी," ते म्हणाले.

उर्किया त्या पायाकडे बघत होती. "ही सोडली तर बाकीच्यांनी काय पाप केलंय, आजोबा?"

"मी सांगतोय ना, सोड."

"मला नाही कळत आता, कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही," ती म्हणाली, आणि चिमणी त्यांच्या हातात दिली. आजोबांनी बराच वेळ सुरी उचलली नाही. मग उचलली.

आम्ही वाचलो. हे सरळ सांगायला हवं, कारण पुढचं सगळं याच्यामुळेच आहे. चिमणीच्या हाडांचा रस्सा मी प्यायले आणि चार दिवसांनी छातीला दुधाची ओल आली. आयमानने ओढलं तेव्हा मला इतकं दुखलं की मी ओरडले, आणि सासूबाई देवाचे आभार मानत हसायला लागल्या. त्या वसंतात नंतर गावातलं एकही मूल गेलं नाही. चिमण्यांची झुंड ओसरली, चार गायी व्याल्या, माळावर आंबट पाला उगवला, आणि शेवटी एकदा आगगाडीने खिंडीत थांबून पिठाने भरलेला अख्खा डबा सोडला.

उर्कियाने स्वतः त्या रश्शाचा थेंब घेतला नाही. काय खाऊन जगली ते मला आजही माहीत नाही. पीठ आलं त्याच दिवशी तिने जाळं उतरवलं. भावजी मदतीला गेले तर तिने त्यांना परत पाठवलं. जाळ्याचे तुकडे करून गवताच्या गंजींवर टाकायला गावात वाटले.

बायका तिच्याकडे यायच्या. कोणी विणलेले मोजे, कोणी घरची शाल. दुइसेन आजोबांनी तर सगळ्यांसमोर तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि "माझी लेक" म्हणाले. ती वस्तू दाराबाहेरच ठेवायची. एकदा मला म्हणाली, "त्यांना सांग गं, आभार मानू नका. शिव्या द्या. शिव्या मला ऐकता येतील."

पुढच्या वसंतात पाखरं यायला लागली तेव्हा तिने खिडकीला आतून लोकरीचा जाड नमदा ठोकला. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. भावजी बापडे तिला म्हणाले, "चल, उतारावर बसू. नुसतं बसू." ती म्हणाली, "मला पाखरू दिसत नाही हो. समोरून आलं की पातेल्यात दिसतं. सोललेलं." भावजी बाहेर आले आणि गोठ्याच्या भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. मी आत गेले नाही.

अशी वर्षं गेली. उन्हाळा, हिवाळा ती चांगली असायची. कामं करायची, आयमानच्या वेण्या घालायची, सासूबाईंशी चोचीवरून भांडायची. वसंत आला की दिवा विझावा तशी व्हायची. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्यांनी ती नुसती झोपायची. मुल्लाने सांगितलं, भुकेल्याला खाऊ घातलं ते पुण्य आहे. ती म्हणाली, "मला माहीत आहे," आणि रडत राहिली. पुण्याने तिचं काही कमी होत नव्हतं. एकदा ती रुळांवर जाऊन बसली होती. इंजिनवाल्याने लांबून भोंगा वाजवला, वेग कमी केला, आणि भावजींनी तिला ओढून काढलं. त्यावर आम्ही घरात कधीच बोललो नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती. एप्रिल होता. घरात नमदा ठोकलेला, काळोख. एके सकाळी त्यांनी उर्कियाला हाक मारली. "ए पाखरांची आई. मला बाहेर न्या. मी काय खड्ड्यात झोपलेय का, अंधारात मरायला?"

भावजींनी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना अंथरुणासकट उचललं आणि उतारावर नेऊन ठेवलं. उर्किया दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सासूबाई ओरडल्या, "ती कुठाय? मला दिसत नाही, मग मला सांगणार कोण?"

"मी सांगते, आई," मी म्हटलं.

"तुला कावळा आणि कोंबडी सोडून काय कळतं? तिला बोलव."

उर्किया आली. जमिनीकडे बघत आली आणि त्यांच्या उशाशी बसली. सासूबाईंनी तिचा हात चाचपून धरला. "हं. काय चाललंय?"

तिने बराच वेळ मान वर केली नाही. मग केली. "धोबी," म्हणाली.

"कसा आहे?"

"पिवळा. डोकं राखाडी. रुळावर बसलाय."

"आणि?"

"थिरथिरा. मादी." आवाज तिचा तिलाच ओळखीचा नसावा, असा येत होता. "झुडपात वटवटे आहेत. तीन. नाही, जास्त आहेत. आई, ते वाऱ्याला कंटाळलेत. थांबलेत जरा."

"थांबू देत. आपल्याला कुठे जायचंय?" सासूबाई म्हणाल्या.

असं त्या रोज बाहेर जायच्या आणि उर्किया रोज सांगायची. सांगता सांगता रडायची, पुसायची, पुढचं सांगायची. सासूबाई ऐकत ऐकत झोपायच्या आणि जाग आली की विचारायच्या, "आता कोण?" मे उजाडायच्या आधीच त्या गेल्या. मातीला गाव लोटलं. दुइसेन आजोबा तेव्हा नव्हते.

तेव्हापासून नमदा नाही. उर्किया आता म्हातारी झाली आहे, भावजीही गेले. वसंत आला की ती काठी टेकत उतारावर जाते. शहरातले नवे लोक पलीकडच्या टेकाडावर त्यांचं जाळं लावतात. एकदा तिला बोलवायला आले होते, गोड पोरं होती. ती गेली नाही. पाखराला ती हात लावत नाही. हात बाह्यांच्या आत ओढून बसते आणि बघते. मी चहा घेऊन जाते, तेव्हा मलाही सांगते, कोण आलं, कोण उशिरा आलं, कोणाचा गळा यंदा गडद आहे.

पण एप्रिल संपत आला, आभाळाचा रंग बदलायला लागला, की ती उठते. माझ्या खांद्याला धरते आणि म्हणते, "चल गं, घरी. चिमण्या येतायत." आम्ही खाली येतो. ती दार लावून घेते, पांघरूण डोक्यावरून ओढते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. दोन दिवस, कधी चार. बाहेर चिवचिवाट इतका असतो की बोललेलं ऐकू येत नाही. मी उंबऱ्याशी बसून असते. आतून काही आवाज आला तर जाते, नाही आला तर बसून राहते.